पप्पाला सांगू नका

न्हाई न्हाई, अक्षतानं सांगितलंय तुम्हाला, ते म्हाइतय मला — आठ वर्षांची असताना ब्लड कॅन्सर झाल्ता, औषधं चालली, बरी झाली, संपलं — एवढंच सांगितलं ना? बराबर. तेवढंच म्हाइतय तिला. बसा तुम्ही, उठू नका, चहा मीच टाकतो — अक्षताची आई विहारात गेलीय, आज तिथं बायांची बैठक हाय, मीच म्हणलं जा, पाव्हण्याचं मी पाहतो. अन् तुम्हाला फोनवर जल्दी या म्हणलं ते बी मुद्दामच म्हणलं, सुमितराव. तिची जालन्याची बस यायला अजून टाइम हाय. तिच्यासमोर हे बोलता येत न्हाई मला. सकाळीच फोनवर म्हणली, पप्पा, सुमित येऊन राह्यला तर जुनं काही काढत बसू नका, त्याला सगळं म्हाइतय. मी म्हणलं, बरं. आता ‘सगळं’ म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच म्हाइत. साखर किती टाकू? अंकुशनगरात राहून साखरेला काय तोटा, सारी जिंदगी कारखान्यात फिटर म्हणून गेली माझी — पण मी सोडली. मीठ बी सोडल्यातच जमा हाय. मला काही झालेलं न्हाई, दणकट हाय मी. तिच्यापाई सोडलं.

तर ऐका. पहिल्यांदा पाय दुखतेत म्हणायची. मंग ताप यायचा अन् जायचा, मंग अंगावर निळे डाग — आम्हाला वाटलं शाळेत पडली असंल, पोरं ढकलतेत. अंबडच्या डॉक्टरनं रक्त तपासलं अन् सरळ संभाजीनगरला पाठवलं. तिथं एक डॉक्टर बाई व्हत्या लेकरांच्या, त्यांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं — म्हणल्या, राजानंदभाऊ, कॅन्सर हा शब्द ऐकून हातपाय गाळू नका, लेकरांचा हा आजार बहुतेक बरा होतो, पण औषध पुरं करावं लागंल, मधीच सोडायचं न्हाई. तिथं राह्यलो आम्ही काही दिवस, पाठीच्या मणक्यात सुया, हातात सलाईन, सगळं झालं, अन् मंग म्हणल्या घरी न्या, ह्या गोळ्या चालू ठेवा, ठरलेल्या दिवशी घेऊन या. त्या गोळ्या लहान पांढऱ्या, तोंडात टाकली की कडू जहर. पण त्याच तर आजार मारत व्हत्या. हे ध्यानात ठेवा, त्याच गोळ्या.

घरी आणली अन् तिला भूक सुटली. तुम्ही म्हणसाल लेकराला भूक लागणं चांगलंच — आम्हाला बी तेच वाटलं. अहो, ताप अन् उलट्यांनी सुकून गेलेली पोरगी, अन् ती सकाळी उठल्या उठल्या भाकर मागायची. भाकर झाली की भात, भात झाला की शेंगदाणे, मंग म्हणायची मम्मी पापड भाज. नाही म्हणलं तर रडायची, ताट ढकलायची — तिचा असा सोभाव कधीच नव्हता. गाल भरले. गाल म्हणजे असे — चंद्रावाणी गोल झालं तोंड. आमच्या शेजारी तुळजाबाई राहायच्या, त्या आल्या अन् म्हणल्या, राजानंद, पोरीनं अंग धरलं की रे, आता भेव न्हाई. कॉलनीत जो येई तो म्हणायचा तब्येत सुधारली. केस गळत चालल्ते डोक्याचे, पण गालाकडं पाहून लोकायला वाटायचं पोरगी ठीक झाली. अन् मला — खरं सांगतो — मला लई बरं वाटायचं. शिफ्टवर जायचो तर पाय हलके पडायचे. आता तुम्ही मला सांगा, भरलेल्या गालाला कोणी भ्यायचं असतं का? लेकराच्या अंगात रक्ताचा दाब चढून राह्यलाय अन् तो वरून गुबगुबीत गालासारखा दिसतो — हे कोण्या बापाच्या ध्यानात येईल? बीपी म्हणजे म्हाताऱ्यांची बिमारी, असंच म्हाइत मला. आठ वर्षांच्या लेकराला बीपी. तुम्हाला तरी म्हाइत व्हतं का? — न्हाई ना. कोणालाच नसतं.

पिऊन घ्या, थंडा व्हईल.

त्या दिवशी सकाळी उठली ती डोकं धरूनच. कारखान्याचा भोंगा डोक्यात शिरतो म्हणली. गळीत चालू व्हतं, आताच्यावाणीच — हे ट्रॅक्टर ऐकू येतेत ना, उसाच्या दोन दोन ट्रॉल्या अन् त्याच्यावर गाणे लावलेले — तिला ते सहन होईना. उलटी झाली एकदा. तिच्या मम्मीनं दवाखान्यात फोन लावला, त्या डॉक्टर बाईनी एकच इचारलं, डोकं किती दुखतंय, अन् म्हणल्या लगेच निघा, उद्यावर टाकू नका. आम्ही काही टाकलं न्हाई. मी तसाच राधेश्यामकडं गेलो, त्याची जीप व्हती, तोडणीचे माणसं वाहायचा. तो जेवत व्हता, हात धुऊन उठला बिचारा. अन् मी परत आलो — तुम्ही आता बसले ना, त्याच्यासमोर ह्या दारात — ती उंबऱ्याला टेकून बसल्ती. ऊन असं तोंडावर तिच्या. डोळे उघडे. दुपारचं टळटळीत ऊन, सुमितराव, सिमेंटचा ओटा डोळ्याला टोचायचा असं. अन् ती मला म्हणली, ‘पप्पा, लाईट गेली का?’

मी म्हणलं, काय?

म्हणली, ‘लाईट कवाच गेलीय. मेणबत्ती लावा ना.’

मी तिच्या डोळ्यासमोरून हात फिरवला. पापणी हलली न्हाई.

तुम्हाला सांगतो, आजबी आमच्या इथं लाईट जाती, रोजच जाती, तुम्हाला म्हाइतच हाय — अन् मी काय करतो? मी पहिले बाहीर येऊन पाहतो. ऊन हाय का न्हाई ते. ही हसायची मला, अक्षताची आई. आता हसत न्हाई. आता ती बी येऊन पाहती.

जीपमधी घातली. मागं आम्ही दोघं, मांडीवर पोरगी. पाचोडच्या पुढं गेलो अन् तिला झटका आला — सारं अंग ताठ झालं, दातखिळी बसली, तोंड एका बाजूला. राधेश्याम गाडी थांबवून राह्यला तर मी म्हणलं थांबू नको, चालव. तिची आई तिचं नाव घेत व्हती, दुसरं काही न्हाई, नुसतं नाव. थोड्या येळानं अंग ढिलं पडलं. मला वाटलं गेली. खरंच वाटलं. मंग श्वास लागला हाताला. तिथून दवाखान्यापतोर मी तिच्या नाकाजवळून हात काढला न्हाई.

तिथं गेल्यावर पहिले त्यांनी दंडाला पट्टा बांधला — लहान लेकराचा असतो, इवलासा, आपल्या मनगटालाबी पुरायचा न्हाई — अन् मशीनवर जो आकडा आला तो पाहून नर्स बाई पळतच गेल्या. मोठ्या माणसाला आला तरी भ्यावं असा आकडा. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर बाई मला बाजूला घेऊन बसल्या. म्हणल्या, डोळे चांगले हायेत तिचे, डोळ्याला काही झालं न्हाई. दाब लई वाढला, त्यानं मेंदूच्या मागच्या भागाला सूज आली, आपण काय पाहतो ते तिथं कळतं, म्हणून दिसून न्हाई राह्यलं. दाब उतरला की सूज उतरंल, बहुतेक नजर परत येईल. मी म्हणलं, बहुतेक? त्या म्हणल्या, बहुतेक. अन् म्हणल्या, दाब झटक्यात बी खाली आणायचा नसतो, त्यानं उलटं व्हतं, हळूहळूच उतरवावा लागंल, धीर धरा. मी इचारलं, हे झालं कशानं? म्हणल्या, त्या गोळ्यांनी. ज्या गोळ्या देतो त्यांनीच काही लेकरांचा दाब चढतो. मी म्हणलं, मंग बंद करा ना त्या. त्या म्हणल्या, भाऊ, बंद केल्या तर आजार उलटून येईल. थोड्या कमी-जास्त करू, दाबाचं औषध संग देऊ, पण गोळ्या लागतीलच.

म्हणजे काय, की जे तारून राह्यलं तेच मारून राह्यलं, अन् ते सोडायचं न्हाई. मी त्यांना म्हणलं, मॅडम, आमचं काही चुकलं का? पापड खाऊ घातले, शेंगदाणे दिले. त्या म्हणल्या, न्हाई, तुम्ही बराबर टायमावर आणलं, कोणाचं काही चुकलं न्हाई. आता ही गोष्ट ऐकून माणसाला हलकं वाटायला पाहिजे ना? मला न्हाई वाटलं. कोणाचं चुकलं असतं तर त्याला धरलं असतं, शिव्या घातल्या असत्या, पुढच्या बारीला ते टाळलं असतं. कोणाचंच न्हाई चुकलं म्हणल्यावर — मंग ते कवाबी येऊ शकतं ना? भरल्या गालानं हसत हसत येऊ शकतं. तवापासून मी राखणीला बसलो, सुमितराव. अजून उठलेलो न्हाई.

न्हाई, सांगतो ना, पुढं काय झालं ते तर सांगायलाच बोलावलं तुम्हाला.

आत एकालाच सोडायचे. तिच्या मम्मीला सर्दी-खोकला व्हता, अन् त्या लेकरांना दुसऱ्याचा खोकला म्हणजे जहर, म्हणून हिला बाहीरच बसवलं, मी गेलो. अंगावर त्यांचा हिरवा झगा, तोंडाला पट्टी, हाताला ते दारूच्या वासाचं पाणी चोळलेलं. ती पडल्ती, डोळे उघडे, छताकडं. दंडाला पट्टा, तो आपोआप फुगायचा अन् सुस्कारा टाकून बसायचा. मी जवळ जाऊन तिचा हात हातात घेतला. बोलणार व्हतो — ‘अक्षू, मी आलो’ एवढंच बोलायचं व्हतं — पण तोंड उघडायच्या आतच ती म्हणली, ‘रामकिसनमामा?’

तिथं वॉर्डात एक माणूस व्हता, रामकिसन, साफसफाईचं, लेकरांना इकडून तिकडं न्यायचं काम करायचा. पहिल्यांदा भरती व्हती तवा तिची त्याच्यासंग गट्टी जमल्ती. तिला वाटलं तोच आलाय. मी न्हाई म्हणणार व्हतो. पण तेवढ्यात ती बोलू लागली. म्हणली, ‘मामा, मला दिसून न्हाई राह्यलं. माझ्या पप्पाला सांगू नका. ते रडतेत.’

मी हात तसाच धरून ठिवला.

म्हणली, ‘नळ चालू करून रडतेत मोरीत. त्यांना वाटतं ऐकू येत न्हाई. नका सांगू मामा, मी दिसतं म्हणून सांगीन त्यांना.’

आता काय सांगू तुम्हाला. मी नळ सोडायचो खरं. कोणाला म्हाइत न्हाई असं वाटायचं, तिच्या मम्मीलाबी म्हाइत नव्हतं, अन् ती एवढीशी पोरगी अंथरुणात पडून ऐकायची. आता मी बोललो असतो तर तिला कळलं असतं, की पप्पाच बसलाय अन् त्याला सगळं समजलं. तिनं माझ्यासाठी ठिवलेलं झाकण मीच कसं काढू? मी तिच्या हातावर हात फिरवला, बस. बरं म्हणल्यावाणी. अन् मामाच झालो मी. संध्याकाळपतोर मामा होऊन बसलो. नर्स बाई आल्या अन् मला काही इचारलं की मी मानेनंच सांगायचो, आवाज काढला न्हाई. खरा रामकिसन आला चादर बदलाया, तर मी ओठावर बोट ठिवलं. तो समजला. त्यानं न बोलता चादर बदलली अन् न बोलता गेला.

संध्याकाळी एकदा ती झोपेतून उठली. बाहीर उजेड व्हता अजून, खिडकीत. म्हणली, ‘पप्पा.’ हळूच. मी तिच्याजवळ असा, हा पेला हाय एवढ्या अंतरावर. तिचा हात माझ्या हातात. पुन्हा म्हणली, ‘पप्पा.’ अन् मी ओ दिली न्हाई. आता म्हणतो मनाला की कशी देणार, ती मामाचा हात धरून पडलेली, एकदम पप्पा कुठून आला असता? तिला कळलं असतं ना की दुपारपासून मीच. ती तिसऱ्यांदा न्हाई म्हणली. तोंड भिंतीकडं केलं अन् डोळे झाकले.

ती हाक राह्यली, सुमितराव. झटका विसरलो मी, पाचोडचा रस्ता विसरलो. त्या रस्त्यानं आता किती बार जातो, काही वाटत न्हाई. पण ती हाक राह्यली. मिलच्या खडखडाटात ऐकू यायची. बाजूचा माणूस ओरडून बोलला तरी ऐकू यायचं न्हाई तिथं, अन् ती यायची — हळूच, जशी मारली तशीच. अन् मी तिथं मशीनपाशी उभा राहून ‘ओ’ म्हणायचो. लोकायला वाटायचं हा कोणासंग बोलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तिनं अन् माझ्याकडं पाह्यलं. पाह्यलं म्हणजे — कळतं हो, नजर येऊन अंगाला लागती. म्हणली, ‘पप्पा, तुमच्या शर्टाचं बटन दुसऱ्याच काजात गेलंय.’ झग्याच्या आतून दिसत व्हतं थोडं. मंग म्हणली, ‘कवा आले तुम्ही?’ मी म्हणलं, ‘आत्ताच.’ ती म्हणली, ‘बरं.’

बस. एवढंच. हिला सांगितलं न्हाई मी, अक्षताच्या आईला, इतक्या वर्षांत. तिला काऊन सांगायचं, ती तर आत नव्हती. अक्षताला म्हणाल तर डॉक्टर बाईच म्हणल्या व्हत्या की झटक्याच्या आसपासचं लेकरांना आठवत न्हाई. आठवत न्हाई ते बरंच हाय. पुढं दाबाच्या गोळ्या काही महिने चालल्या, मंग त्या बी बंद झाल्या. औषध पुरं झालं, तपासण्या झाल्या, केस आले, दहावी झाली, बीएस्सी झाली. तुम्ही पाहताच आता, नव्या जालन्यात बियाण्याच्या कंपनीत लॅबला हाय, तुमच्याच संग. चष्मा सुदिक न्हाई तिला.

पण मी मशीन घेतलं. दाब मोजायचं. पहिले लहान पट्टा, मंग ती वाढली तसा मोठा पट्टा. रोज सकाळी. शाळेत जायच्या आधी दंड पुढं कर. परीक्षा असली तरी, सण असला तरी, जयंती असली तरी. तिनं कधी न्हाई म्हणलं न्हाई, हां. बाही वर करून बसायची, दुसरीकडं पाहायची. कॉलेजात गेल्यावर एकदा मैत्रिणी बसल्या व्हत्या हितं, अन् मी मशीन घेऊन आलो, तवा तिनं पाह्यलं माझ्याकडं. मैत्रिणी गेल्यावर म्हणली, ‘पप्पा, आता पुरे.’ जालन्यात नोकरी लागली तर रूम करून राह्यली, हितून रोज येणंजाणं जमण्यासारखं हाय तरी. मी समजलो. मी काही येडा न्हाई.

आता ती हितं आली की मी मशीन काढत न्हाई. दुसरंच करतो. पाण्याचा पेला रोजच्या जागी ठेवत न्हाई, जरा बाजूला ठेवतो, अन् पाहतो, हात नीट जातो का. पेपर देतो अन् म्हणतो, बारीक अक्षरातलं वाचून दाखव, माझा चष्मा सापडून न्हाई राह्यला. चष्मा माझ्या खिशात असतो. अन् कधी कधी मी जालन्याला जातो. काम असतं बँकेचं, पेन्शनचं, काहीतरी. तिच्या ऑफिससमोर रस्त्याच्या पल्याड रसवंती हाय ना, तिथं बसतो. सुटली की रस्ता ओलांडती. दोन्हीकडून गाड्या, ऑटो, मोटारसायकली — ती बराबर पाहून ओलांडती. तेवढं पाह्यलं की मी परत येतो. तुम्ही तिला लाल गाडीवर घेऊन गेले ना त्या दिवशी, पावसात, तवा तिचा —

हां. म्हणजे — हां, व्हतो मी तिथं. तुमचं नाव तिनं आम्हाला सांगायच्या आधी.

असं पाहू नका. तिला म्हाइत न्हाई. कशाला म्हाइत व्हायला पाहिजे.

तुम्ही मला इचारायला आले की पोरगी देता का. माणूस म्हणून तुम्ही चांगले हायेत, दिसतं ते. घरदार मी पाह्यलं न्हाई, पाहायचंबी न्हाई मला. मी हे काऊन सांगितलं, म्हणसाल? सांगायचं एवढंच व्हतं की ही पोरगी दुखणं सांगत न्हाई. आठ वर्षांची असताना आंधळी पडून राह्यली अन् काय म्हणली, तर पप्पाला सांगू नका. आता तर मोठी झाली. तुमच्या घरी डोकं फुटायला आलं तरी ती हसून सैपाक करंल. तिच्या तोंडाकडं पाहून कळणार न्हाई तुम्हाला. तोंडाकडं पाहून मलाबी कळलं नव्हतं. म्हणून तिच्याकडं पाहायला माणूस लागतो, सारखा. तुम्ही पाहसाल? तुम्हाला नोकरी हाय, दोस्त हायेत, तुमचं वय हाय. चार महिने पाहसाल, सहा महिने पाहसाल. मंग म्हणसाल, बाबा, ठीकच तर हाय ती. — अन् खरं सांगू? मला वाटलं हे सारं ऐकलं की तुम्ही उठून जासाल. भेव घालावं म्हणून न्हाई बोलावलं मी तुम्हाला. म्हणजे — थोडं त्याच्यासाठीच बोलावलं. जाणारा माणूस आजच गेलेला बरा, ती येण्याच्या आधी. तुम्ही काही उठले न्हाई. चहा बी पिला न्हाई.

काय?

न्हाई, ऐकलं मी. पुन्हा म्हणा.

तिनं सांगितलं तुम्हाला? कवा? — ‘हात पप्पाचा हाय हे मला तवाच कळल्तं.’ असं म्हणली ती? ह्याच शब्दांत म्हणली?

न्हाई हो. तिला आठवत न्हाई ते. डॉक्टर बाई म्हणल्या व्हत्या. — रामकिसनमामाचं नावबी सांगितलं? नळाचं सांगितलं?

…मंग आठवतंय तिला.

म्हणजे मामाला न्हाई सांगितलं तिनं ते. मलाच सांगितलं. माझाच हात धरून मलाच म्हणली पप्पाला सांगू नका. अहो, बापाचा हात लेकराला कळत न्हाई व्हय. अंधारात कळतो, झोपेत कळतो. मी येडा. दारूचं पाणी चोळलं म्हणून काय हात बदलतो? अन् सकाळी ‘कवा आले’ म्हणून इचारलं तिनं. सारं म्हाइत असून इचारलं. मला आत्ताच म्हणता यावं म्हणून. अन् मी आत्ताच म्हणलं, तर ‘बरं’ म्हणली. इतकी वर्षं मी तिच्यापासून लपवून राह्यलो अन् ती माझ्यापासून. एका घरात. एका ताटावर.

थांबा. थांबा जरा, बोलू नका.

तिला म्हाइत व्हतं मी हितंच बसलोय. हात हातात व्हता. मंग ती संध्याकाळची हाक — ती पप्पा कुठं हाय म्हणून न्हाई मारली तिनं. मला मारली. मामा-बिमा पुरे म्हणून मारली. आता भेव वाटतंय म्हणून. दोनदा मारली. अन् मी, एवढ्या अंतरावर —

न्हाई. काही न्हाई. बसा… काय म्हणता? — हां. हात सोडला नव्हता. असं म्हणली का ती, ‘सकाळपतोर सोडला न्हाई’? हां. ते खरं हाय. हात न्हाई सोडला मी.

तुम्ही निघा आता, सुमित. न्हाई, राग कशाचा, राग न्हाई. बसचा टाइम झाला. ती फाट्यावर उतरंल, तिथून चालत यायला अर्धा कोस हाय, अन् उसाच्या ट्रॉल्या असतेत रस्त्यानं. ती येती तवा मीच जातो आणाया, आजपतोर कोणाला पाठवलं न्हाई. आज तुम्ही जा. पप्पा का न्हाई आले म्हणून इचारंल — तर सांगा, घरीच हायेत म्हणा. जा तुम्ही. मी बसतो जरा.